यजमानपदाचं बिल

शहरानं ऑलिम्पिक भरवावं का? माँट्रियलचे महापौर जाँ द्रापो ठामपणे सांगायचे, पुरुषाला जसं मूल होत नाही, तसा ऑलिम्पिकला तोटा होत नाही. १९७६ साली स्पर्धा झाली, ती स्टेडियमचा मनोरा आणि छप्पर अर्धवट असतानाच. कर्ज मात्र पूर्ण झालं होतं! ते फिटलं २००६ साली, त्यातही तंबाखूवरच्या कराचा हातभार लागला. म्हणजे खेळाडूंचं मैदान विडीकाडीवाल्यांनी सोडवलं म्हणायचं.

लॉस एंजेलिसनं १९८४ साली १९३२च्या ऑलिम्पिकचंच स्टेडियम वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत उतरवलं आणि वीस कोटी डॉलरहून जास्त नफा मिळवला. अर्थात, तेव्हा यजमानपदासाठी दुसरं शहर रिंगणातच नव्हतं. त्यामुळे अटी त्यांना घालता आल्या.