पोहता येत होतं त्याला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2016 सालच्या मे महिन्यात माझा 13 वर्षांचा मुलगा गेला. सकाळी सातला खांद्यावर टॉवेल टाकून, सायकलवरून पोहायला गेला आणि साडेआठला पोलीस ठाण्यातून फोन आला. कागदावर कारण लिहिलं होतं, ‘पाण्यात बुडून मृत्यू’. भेटायला येणारे म्हणत, पाण्याशी खेळ बरा नव्हे. मी एवढंच म्हणत राहायचो, ‘अहो, पोहता येत होतं त्याला!’ दोन उन्हाळे तो रोज तलावात दहा-दहा फेऱ्या मारत होता.

तेराव्यानंतर त्याचा मित्र घरी आला. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘काका, आम्ही शर्यत लावली होती. तो पुढे होता. हात मारता मारता एकदम थांबला.’

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन मी डॉक्टरांकडे फिरू लागलो. हृदयात काही दोष नाही, असं त्यात लिहिलं होतं. एकांनी विचारलं, ‘कारण कळून मुलगा परत येणार आहे का?’ माझी पत्नीही हेच विचारायची. मी रोज तेच कागद उलगडून बसलेला तिला बघवत नसे.

शेवटी एका हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘तुमच्या घरात आणखी कोणी असं अचानक गेलंय? कोणाला भोवळ, फीट?’

माझा धाकटा काका पट्टीचा पोहणारा. विसाव्या वर्षी गावच्या विहिरीत गेला. आसरांनी ओढला, असं आजी सांगायची आणि दरवर्षी विहिरीवर खणानारळानं ओटी भरायची. माझी बहीण शाळेत असताना एसटी पकडायला धावली की भोवळ येऊन पडायची. तिला कितीतरी वर्षं फीटच्या गोळ्या चालू होत्या. या दोन्ही गोष्टी मी जन्मभर ऐकत आलो, पण शेजारी शेजारी कधी ठेवल्या नव्हत्या.

आम्हा सगळ्यांचे ईसीजी काढले. माझ्या, बहिणीच्या आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आलेखात एकच खूण निघाली. विकाराचं नाव ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’. वैद्यकाला तो 1957 पासून ठाऊक आहे. साधारण 2000 माणसांत एकाला असतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीनं सज्ज व्हावं लागतं. या माणसांत त्याला जास्त वेळ लागतो. धावताना, विशेषतः पोहताना, ठोक्यांची लय एकाएकी बिघडू शकते. ती लगेच सावरली तर नुसती भोवळ येते. नाही सावरली तर मृत्यू. हृदयाची ठेवण मात्र निरोगी असते, म्हणून शवविच्छेदनात काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘मुलाचा ईसीजी कधी काढलेला नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण दुसरं कारण मला दिसत नाही.’

हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तो माझ्याकडून गेला होता. मला एकदाही भोवळ आली नव्हती. त्या रात्री मी हे पत्नीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि म्हणाली, ‘आधी पोरीला गोळी द्या. वेळ झाली.’

बीटा ब्लॉकर गटाची ती साधी गोळी मुलगी आजही न चुकता घेते. पोहणं आणि शर्यती तिला वर्ज्य आहेत. काही औषधं या विकारात घातक ठरतात, म्हणून त्यांची यादी तिच्या पर्समध्ये असते. ती आता कॉलेजात जाते.

श्रोतेहो, आपल्या घरातही अशा गोष्टी सांगितल्या जात असतील. कोणी धावताना पडला, कोणी पोहता येत असून बुडाला, कोणी तरुणपणी झोपेतच गेला. त्या एका कागदावर लिहून काढा आणि डॉक्टरांना दाखवा. एखाद्या वेळच्या ईसीजीत हा विकार दिसत नाही, म्हणून घरातली ही माहिती मोलाची आहे.

कारण कळून मुलगा परत आला नाही, हे खरंच. पण त्या वेळी शेजारच्या खोलीत त्याची बहीण झोपलेली होती, आणि ते कारण तिला हवं होतं.