न्हाणीघरांतील गॅस

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां गॅसचा गीझर असेल. तो घेतांना पाणी किती लवकर तापतें हें सारे विचारतात. नळीची चौकशी क्वचितच कोणी करतो. सिलिंडरांतील गॅस हवेहून जड. गळला तर जमिनीलगत सांचतो. मुंबई-पुण्यांत नळानें येणारा नैसर्गिक वायु हलका. तो छताकडे जातो. म्हणून झरोका कोठें असावा हें गॅसवर अवलंबून, आणि एका गॅससाठीं बनविलेला गीझर दुसऱ्यावर तसाच चालवितां येत नाहीं. जोडणी जाणत्या फिटराकडूनच करवावी. नळी भिंतींत गाडूं नये, चावी हाताशीं असावी, व प्रत्येक सांध्याला साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनहि आढळतात!

परंतु सांधे निर्दोष असूनहि घात होतो. कोंदट खोलींत ज्योतीस प्राणवायु अपुरा पडला, कीं कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. गळणाऱ्या गॅसला ओळखूं येण्यासाठीं मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो. ह्या विषाला वासच नाहीं. स्नान करणारा घेरी येऊन पडतो, आणि दाराला आंतून कडी असते. याकरितां गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत टांगावा व आंत केवळ ऊन पाण्याची नळी न्यावी.