खरे लिहिणाऱ्याची बाजू

जिल्ह्यातील वकिलांच्या या परिषदेत अध्यक्षाने वर्षभरातील निकालांचा आढावा घेण्याचा रिवाज आहे. तो आज बाजूला ठेवतो. कित्येक वर्षे मनात खदखदणारा विषय सरकारी भरतीतील चारित्र्य पडताळणीचा आहे: नशेतून सावरलेल्या आणि ते न लपवणाऱ्या उमेदवाराचे आपण काय करतो?

सोलापूरला नशेचा प्रश्न परका नाही. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यातून इफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. 2023 मध्ये मेफेड्रोनसाठी याच भागात छापे पडले. अशा जिल्ह्यात एकोणिसाव्या वर्षी गांजा ओढताना पकडला गेलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याचे कलम 27 त्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. तो दंड भरतो, सुटतो, सावरतो. पुढे भरतीत मैदान मारतो, लेखी परीक्षा पास होतो आणि हातात साक्षांकन नमुना येतो. खोटी माहिती दिल्यास अपात्र ठराल, ही तंबी सुरुवातीलाच. खाली रकाने: कधी अटक झाली होती का? खटला चालला का? शिक्षा झाली का? शेजारी बसलेला प्रत्येक जण कानात सांगतो, ‘लिहू नको, कुणाला कळतंय!’

हा सल्ला चुकीचा आहेच, पण तो निघतो कुठून? अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 2016 मध्ये या विषयातला गोंधळ बराच निस्तरला. तरुणपणीच्या किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली असेल, तर नियोक्ता ती चूक पोटात घालू शकतो, असे निकाल म्हणतो. मात्र निकाली निघालेला खटला ज्याने प्रामाणिकपणे सांगितला, त्यालाही नेमणूक देण्याची सक्ती नियोक्त्यावर नाही. म्हणजे दडवणाऱ्याला माफीची आशा आणि सांगणाऱ्याला कसलीच हमी नाही. तारतम्य ठेवा, असेही निकाल बजावतो. पण नकाराच्या एका ओळीच्या पत्रात ते तारतम्य शोधायचे कुठे? त्याच एनडीपीएस कायद्याचे कलम 64-अ, स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला, प्रकरण सेवनाचे किंवा अल्प प्रमाणाचे असेल तर, खटल्यातून मोकळे करते. कायदा ज्याला उपचाराची वाट दाखवतो, त्याच्यावर अटकेच्या रकान्यातला ‘होय’ जन्मभर डाग ठेवतो.

अमेरिकेत गोपनीय कामाच्या परवान्यासाठीच्या अर्जात अमली पदार्थांच्या सेवनाबद्दल थेट विचारतात. पण तिथले खरे उत्तर फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, हे अर्जावरच छापलेले असते. सेवन जुने आहे का, पुन्हा घडण्याची शक्यता किती, हेही तोलले जाते. खोटे बोलणे हा स्वतंत्र दोष धरला जातो. खरे हवे असेल तर ते सांगणाऱ्याला आधी संरक्षण द्यावे लागते, एवढे त्यांना उमगले आहे.

आक्षेप ठाऊक आहेत. शस्त्रागाराच्या किल्ल्या अशा माणसाच्या हाती द्यायच्या का? शत्रू त्याला अडकवणार नाही का? पण धमकी लपवलेल्या गोष्टीचीच देता येते. जे सरकारदफ्तरी स्वतःच्या सहीने नोंदले आहे, त्याची धमकी कोण देणार? ज्यांनी कधी नशेला हात लावला नाही, त्यांच्यावर हा अन्याय नाही का, असेही विचारतात. मी जागा मागत नाही, तपासणी मागतो. गुन्हा कोणता, वय किती, मधली वर्षे कशी गेली, पद कोणते, हे पाहून कारणांसह लेखी निर्णय द्या. जोखमीच्या पदाला कसोटी कडक लावा. अवतार सिंग निकालही पद जेवढे वरचे तेवढी कसोटी कठोर, असेच सांगतो. विक्री करणाऱ्यासाठी मी एक शब्दही बोलणार नाही.

या परिषदेने गृह विभागाला निवेदन द्यावे आणि भरतीच्या मुलांसाठी नमुना कसा भरायचा, याची मराठी पुस्तिका काढावी, असे सुचवतो. मसुद्याचे काम कुणी घ्यायचे, ते दुपारच्या सत्रात ठरवू.