पृथ्वीची ओळख

सात-आठ वर्षांच्या मुलास ‘पृथ्वी कशी आहे?’ असें विचारलें, तर ‘नारिंगासारखी गोल’ हें उत्तर तो तत्काळ देतो. विचारणाऱ्याचें समाधान होतें, मुलाची पाठ थोपटली जाते आणि विषय तेथेंच संपतो. परंतु त्याच मुलास पुढें विचारावें कीं, ‘तर मग ह्या नारिंगावर माणसें कोठें राहतात?’ ह्या दुसऱ्या प्रश्नाशीं तो घुटमळतो. कोणी सांगतो कीं, माणसें नारिंगाच्या आंत, तळाच्या सपाट जमिनीवर राहतात आणि वरची साल म्हणजे आकाश. कोणी म्हणतो कीं, गोल पृथ्वी ती तिकडे दूर आकाशांत. ही पायांखालची निराळी. स्टेला वोस्नियाडू व विल्यम ब्रूअर ह्या दोघां संशोधकांनीं अमेरिकेंतील साठ शाळकरी मुलांना असे प्रश्न विचारून १९९२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हीं दोन्ही प्रकारचीं उत्तरें आढळलीं. पुढें १९९६ मध्यें हैदराबादच्या मुलांसंबंधीं तसाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथें पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे अशी कल्पना असणारीं मुलेंही निघालीं.

ह्यांत मुलांचा मूर्खपणा मुळींच नाहीं. डोळे सांगतात कीं जमीन सपाट आहे. वडील माणसें सांगतात कीं ती गोल आहे. दोहोंपैकीं कोणासही खोटें पाडणें मुलाच्या जिवावर येतें, म्हणून तें आपल्या परीनें तडजोड काढतें. ह्या तडजोडीचे प्रकार खरोखर मोठे कल्पक असतात. धोका निराळाच आहे. तडजोड कोणाच्या लक्षांत न आल्यास मुलाच्या मनांत दोन पृथ्व्या नांदूं लागतात : एक परीक्षेच्या कागदावरची आणि एक अंगणांतली. पहिलीविषयीं जें शिकावयाचें तें पाठ करावयाचें, दुसरीविषयीं जें दिसतें तें कोणास बोलून दाखवावयाचें नाहीं, ही संवय एकदां जडली म्हणजे ती भूगोलापुरती राहत नाहीं.

तेव्हां आरंभ कोठून करावा? मुलाचे डोळे खोटें सांगत नाहींत, हें मान्य करून करावा. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं नेमकें हेंच केलें. गोल पृथ्वी सपाट कां दिसते, ह्या शंकेस त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणी’ ह्या इ. स. ११५० च्या ग्रंथांत उत्तर दिलें आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी अतिशय मोठी आणि माणूस अतिशय लहान, म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट वाटतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गच्चीवर खडूनें जेवढें मोठें काढतां येईल तेवढें वर्तुळ काढावें आणि त्यावर एक मुंगी सोडावी. मुंगीस तें वर्तुळ कसें दिसत असेल, हें मुलाला वेगळें सांगावें लागत नाहीं. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर. त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. एवढा प्रदेश तर एका दृष्टिक्षेपांत कोणाच्याही डोळ्यांत मावत नाहीं.

ह्याच भास्कराचार्यांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिला होता. त्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवजवळच्या पाटण येथें डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांना सांपडला. ज्यांचें गांव त्या बाजूस आहे, त्यांनीं मुलांना तेथें अवश्य न्यावें. देवदर्शन आणि भूगोल दोन्ही एका फेरींत होतात.

सपाट दिसण्याचा प्रश्न सुटला, तरी गोल असल्याची खूण हवीच. ज्यांना समुद्र जवळ आहे, त्यांचें काम सोपें. मुंबईच्या चौपाटीवर किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांची उंची सव्वा मीटर धरली, तर त्याचें क्षितिज अवघें चार किलोमीटरांवर असतें. त्यालाच वडिलांनीं खांद्यावर घेतलें म्हणजे तें पांच किलोमीटरांपलीकडे सरकतें. टेकडीवरून तर तें कितीतरी लांब जातें. दूर जाणाऱ्या जहाजाचा खालचा भाग आधीं दिसेनासा होतो आणि शेंडा शेवटपर्यंत टिकतो, हें पुस्तकांत सर्वत्र असतें. परंतु बुडालेलें जहाज खांद्यावर चढतांच पुन्हां वर येतें, हा अनुभव पुस्तकांत क्वचितच असतो आणि मुलाला पटतो तो हाच. जहाज लांब गेल्यामुळें लहान झालें एवढेंच असतें, तर उंच चढून काय फरक पडणार होता?

ह्यानंतर जी शंका हटकून येते ती पडण्याची. खालच्या बाजूचीं माणसें पडत कशीं नाहींत? तिकडच्या समुद्राचें पाणी सांडत कसें नाहीं? येथें घाईनें ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द पुढें करणें म्हणजे प्रश्नाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखें आहे. नांव कळलें म्हणजे गोष्ट कळली असें नव्हे. मुलाची खरी अडचण ‘खालीं’ ह्या शब्दांत आहे. पृथ्वीच्या सर्व बाजूंना मिळून एकच ‘खालीं’ आहे, असें तें समजतें. भास्कराचार्यांनीं येथेंही सुरेख दृष्टान्त योजला आहे : पाण्याच्या कांठावर उभा असलेला मनुष्य आणि पाण्यांतलें त्याचें प्रतिबिंब ह्यांचे पाय पायांना लागलेले असतात, पलीकडच्या गोलार्धांतील माणसें तशीं आहेत. तीं तेथें तितक्याच स्वस्थपणें राहतात, जितक्या स्वस्थपणें येथलीं येथें. जमिनीच्या मध्याकडे जाणारी दिशा ती ‘खालीं’, एवढें एकदां ठसलें कीं पाणी सांडण्याची भीति आपोआप जाते.

ह्यासाठीं एक छायाचित्रही उपयोगी पडतें. ७ डिसेंबर १९७२ रोजीं ‘अपोलो १७’ च्या अंतराळवीरांनीं घेतलेलें पृथ्वीचें निळें चित्र आज घरोघरीं माहीत आहे. मूळ छायाचित्रांत दक्षिण ध्रुव वरच्या बाजूस होता. छापतांना तें फिरवून उत्तर वर करण्यांत आली. मुलासमोर तें चित्र उलटें धरावें आणि कोणतें बरोबर, असें विचारावें. दोन्ही बरोबर, हें उत्तर त्याच्याच तोंडून आलें तर उत्तम.

आतां सांवलीचा प्रयोग. ह्या बाबतींत महाराष्ट्राचीं मुलें दिल्लीच्या मुलांहून भाग्यवान आहेत. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेस राहतें, त्यामुळें ह्या प्रांतांतील प्रत्येक गांवीं वर्षांतून दोनदां सूर्य भर माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सांवली पार नाहींशी होते. कोल्हापुरास हा दिवस मेच्या ६-७ तारखेस येतो, पुण्यास १३-१४ च्या सुमारास, मुंबईस १५-१६ ला, नागपुरास २६ च्या आसपास. दुसरी खेप जुलै-ऑगस्टांत येते, पण तेव्हां आभाळ पावसाचें; काठी घेऊन बसलेल्यांच्या पदरीं बहुधा निराशाच. म्हणून मे महिना धरावा. शाळेला सुटी असते आणि दुपारीं मुलांना घरांत कोंडून ठेवण्याचा प्रश्न तसाही असतोच.

मीटरभर लांबीची काठी गच्चीवर ओळंबा लावून सरळ उभी करावी. बारा वाजतां सांवली नाहींशी होईल अशा समजुतीनें बसणाऱ्यांची फसगत होते. भारताची प्रमाणवेळ पूर्वेकडील साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे. मुंबईचा सूर्य त्या घड्याळामागें चालतो. मेच्या मध्यास मुंबईचा खरा मध्यान्ह बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास होतो, नागपुरास बारा-दहाच्या सुमारास. घड्याळांत चूक नसतांना ही तफावत कां, हा प्रश्न मुलानें स्वतः विचारला तर रेखांशांचा धडा अर्धा शिकवून झाला. मुंबई शहराच्या कांहीं व्यवहारांत १९५५ पर्यंत निराळी ‘मुंबई वेळ’ चालू होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. घरांत कोणी वृद्ध असतील तर त्यांना त्याची आठवणही असेल.

मुंबईच्या काठीची सांवली नाहींशी झाली त्याच दिवशीं दिल्लीस मामा किंवा आत्या असतील, तर त्यांनाही तेवढीच काठी उभी करावयास सांगावें. तेथें त्या दिवशीं मध्यान्ह सव्वाबाराच्या किंचित् पुढें होतो आणि सर्वांत आंखूड सांवली सुमारें १७ सेंटिमीटर भरते. ह्या मापांनीं कागदावर त्रिकोण काढून कोनमापकानें पाहिलें, तर काठीच्या टोकाशीं साडेनऊ अंशांच्या जवळपास कोन मिळतो. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६०. त्यांत साडेनऊ सुमारें अडतीस वेळां जातात. आतां नकाशावरून दिल्ली मुंबईच्या किती उत्तरेस आहे तें मोजावें. रेल्वेचें अंतर नव्हे, तिरकें अंतरही नव्हे, निव्वळ उत्तर-दक्षिण. तें सुमारें १,०५५ किलोमीटर येतें. त्याला अडतिसांनीं गुणावें. दोन काठ्या आणि एक दूरध्वनि एवढ्या सामग्रीवर पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरांच्या आसपास निघतो. सांवलीची कड पुसट असल्यामुळें दोन-तीन हजारांची चूक सहज होईल. ती होऊं द्यावी, दुरुस्त करूं नये. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत इराटोस्थेनीझ ह्या ग्रीक पंडितानें आजचें आस्वान आणि अलेक्झांड्रिया ह्या दोन शहरांमध्यें हाच हिशेब मांडला होता. त्याला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला.

एखादें चौकस मूल येथें अडवील. सपाट टेबलावर दिवा जवळ ठेवला तरी दोन पेन्सिलींच्या सांवल्या निरनिराळ्या पडतात, मग पृथ्वी गोलच कशावरून? अशा मुलास गप्प बसवूं नये, कारण त्याचें म्हणणें बिनतोड आहे. दोन गांवांच्या सांवल्यांनीं पृथ्वीचा आकार सिद्ध होत नाहीं. सूर्य फार दूर आहे हें आधीं गृहीत धरावें लागतें. दुसरी साक्ष हवी, आणि ती चंद्रग्रहणांत मिळते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं भारतभर दिसलेलें खग्रास ग्रहण ज्या मुलांनीं पाहिलें, त्यांना चंद्रावर सरकणाऱ्या पृथ्वीच्या सांवलीची वांकडी कड आठवत असेल. ग्रहण संध्याकाळीं असो, मध्यरात्रीं असो किंवा पहाटे असो, ती कड नेहमीं वर्तुळाचाच तुकडा असते. कोणत्याही बाजूनें गोल सांवली पाडणारी वस्तु चेंडूच; थाळी नव्हे. आजी ग्रहण पाळीत असतील तर त्यांनीं खुशाल पाळावें. मुलाला मात्र खिडकी उघडी मिळावी.

ऋतूंविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण येथें पुष्कळ सुशिक्षित घरांतही चुकीची समजूत रूढ आहे. उन्हाळ्यांत पृथ्वी सूर्याजवळ जाते, हें खरें नव्हे. ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या आरंभीं, सुमारें १४ कोटी ७० लाख किलोमीटरांवर. आणि सर्वांत दूर असते जुलैच्या आरंभीं, १५ कोटी २० लाखांवर. जानेवारींत नाशिककर शेकोटी पेटवतात, एवढें ध्यानांत आणून दिलें तरी पुरे. कारण आहे तें पृथ्वीच्या आंसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यांत. बर्फाचा हिंवाळा आणि पानगळीची शरद् ह्यांचीं थंड देशांच्या पुस्तकांतून उचललेलीं चित्रें मात्र आपल्या मुलांपुढें ठेवूं नयेत. येथला कडक उन्हाळा मे महिन्याचा. जूनमध्यें सूर्य उत्तरेकडे जास्तीत जास्त सरकलेला असतांना पावसाचे ढग आड येतात आणि हवा थंडावते. थंड देशाचें कोष्टक येथें लावलें कीं मुलाला पुन्हां आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवावा लागतो.

राहिला पृथ्वीच्या पोटाचा प्रश्न. खणत खणत गेलें तर पलीकडे निघतां येईल काय, असें प्रत्येक मूल केव्हां तरी विचारतेंच. रशियाच्या कोला द्वीपकल्पांत माणसानें सर्वांत खोल भोंक पाडलें, तें १२,२६२ मीटर गेलें. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचें अंतर ६,३७१ किलोमीटर. म्हणजे पांचशेंतला एक भागही धड झाला नाहीं. मग आंतलें कळतें कसें? कलिंगड घेतांना त्यावर टिचकी मारून आवाज ऐकतात, तसें. टिचकी भूकंपाची, तिच्या लाटा पृथ्वीच्या पोटांतून कशा वळतात, कोठें अडतात आणि किती वेळानें पोंचतात, त्यावरून आंतील थर ओळखतात. इंगे लेमान ह्या डॅनिश विदुषीनें १९३६ मध्यें अशाच नोंदींवरून केंद्राशीं आणखी एक निराळा गाभा असल्याचें दाखवून दिलें.

आंतून वर आलेला माल पाहावयाचा असेल तर फार लांब जावयास नको. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हां वाहिला, थिजला आणि थरावर थर चढले. त्याचाच काळा दगड सह्याद्रीच्या कड्यांत पायऱ्यांसारखा दिसतो. मुंबई-पुणें गाडीनें बोरघाट चढतांना त्या पायऱ्या खिडकींतून चांगल्या दिसतात, पण एका बोगद्यापासून दुसऱ्या बोगद्यापर्यंतच. तेव्हां काय पाहावयाचें तें मुलांना गाडी कर्जतला थांबली असतांनाच सांगून ठेवावें आणि डोंगराकडची खिडकी त्यांना द्यावी.