पंचवीस टक्के जागा आणि आपलीं पोरें

(गांवच्या पालकसभेंत झालेलें भाषण)



आम्ही पडलों जिल्हा परिषदेच्या शाळेचे मास्तर. तेव्हां 'खाजगी शाळेचा नाद सोडा आणि पोरें आमच्याकडे पाठवा' असेंच आम्ही बोलणार, असा पुष्कळांचा अंदाज असेल. आम्ही तसें बोलणार नाहीं. तालुक्याच्या रस्त्यावर दोन किलोमीटरवर जी इंग्रजी शाळा झाली आहे, जिची पिवळी गाडी रोज सकाळीं आपल्या वेशीवर उभी राहते, त्या शाळेंत कायद्यानें आपल्या पोरांच्या जागा आहेत. त्या मागून घ्या, हें सांगण्यास आम्ही उभे आहों.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस फुकट शिक्षण देणें हें त्यानें सरकारवर बांधून टाकलें. त्याच्याच बाराव्या कलमांत असें आहे कीं, सरकारचें अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळेनेंही प्रवेशाच्या वर्गांत शेंकडा पंचवीस जागा आसपासच्या दुर्बल व वंचित घरच्या मुलांस द्याव्या, आणि आठवीपर्यंत त्यांना फीशिवाय शिकवावें. शाळेची भरपाई सरकारनें करावी. शाळावाले याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेले. पण १२ एप्रिल २०१२ रोजीं न्यायालयानें हें कलम कायम केलें. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या यांतून सुटल्या आहेत. बाकी कोणाही शाळेला 'आमच्याकडे ही योजना नाहीं' असें म्हणतां येत नाहीं, मग तिचा मालक केवढाही मोठा असो.

महाराष्ट्रांत अशा जागा दरसाल लाखाच्या आसपास निघतात. आपल्या गांवांतून किती अर्ज गेले, तें ज्याचें त्यानें आठवावें. दुसरीकडे याच गांवांत त्याच शाळेच्या फीसाठीं दुभती गाय विकलेलीं आणि पतपेढीचें कर्ज काढलेलीं घरें आहेत. ज्या घरांत हप्ता फिटत नाहीं, त्या घरच्या पोराला फुकट जागा असतांना ती कोणीं सांगितली नाहीं, याला काय म्हणावें?

आतां सरकारचें वागणें पाहा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं राज्य सरकारनें नियम फिरविला. खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेनें पंचवीस टक्के जागा देण्याचें कारण नाहीं, असा तो नियम. आपल्याकडील त्या इंग्रजी शाळेला लागूनच वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा आहे. म्हणजे आपल्या पोरांचा हक्क तेथेंच संपला! आणि जिच्याजवळ सरकारी शाळा नाहीं अशी खाजगी शाळा या महाराष्ट्रांत दिवा घेऊनच शोधावी लागेल. आमच्या गळक्या वर्गांसाठीं ज्या सरकारला वर्षानुवर्षें सवड झाली नाहीं, त्याला दुसऱ्याचें दार बंद करण्यापुरती आमची शाळा बरी आठवली. आम्हां मास्तरांस ही गोष्ट फार लागली.

पालक मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले. मे महिन्यांत न्यायालयानें नियमाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजीं तो रद्द केला. ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांत हात घालण्यास नकार दिला. हा निकाल आपोआप मिळाला असें मात्र कोणीं समजूं नये. कर्नाटकांत असाच नियम २०१९ सालीं आला, आणि तेथील उच्च न्यायालयानें तो उचलून धरला होता. आपल्याकडे कांहीं आईबाप भांडले म्हणून हा हक्क राहिला.

अंग काढून घेण्याची ही चाल जुनी आहे. १८५४ च्या खलित्यांत इंग्रज सरकारनें खाजगी शाळांस अनुदान देण्याचें धोरण घातलें. ज्यांच्यापाशीं आधींच पैसा व विद्या होती, त्यांनीं शाळा काढल्या व अनुदानें घेतलीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं हेंच मांडलें कीं, रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. सरकारनें तें ऐकलें नाहीं. शाहू महाराजांनीं मात्र १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत तें सक्तीचें व मोफत करून दाखविलें. त्या मानानें पाहतां आपल्याला हा कायदा फार उशिरां मिळाला आहे.

आम्ही खाजगी शाळेच्या विरुद्ध नाहीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काल्यास जी रयत शिक्षण संस्था काढली, तीही सरकारी नव्हे, खाजगीच. तिच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं गरीब पोरें एका पंगतीस जेवलीं, अंगमेहनत करून शिकलीं. खाजगी म्हणजे वाईट असें नाहीं. तिचें दार कोणासाठीं उघडें आहे तें पाहावें. आज ज्यांना शिक्षणसम्राट म्हणतात त्यांपैकीं पुष्कळ आपल्याच बहुजन समाजांतले आहेत, आपल्या मतांवर मोठे झालेले आहेत. त्यांच्या फाटकाशीं आपल्या पोराला थांबवावें लागतें, हें त्यांना सभेंत विचारण्याची वेळ आली आहे.

या जागांचे दोषही सांगितले पाहिजेत. सरकारनें भरपाईचा दर मुलामागें वर्षाला १७,६७० रुपये ठरविला, पण तें पैसे वेळेवर देत नाहीं. मग शाळा त्याचा राग पोरावर काढते. गणवेश, सहल, गाडी अशा नांवांनीं पैसे मागते. अशा मुलांस वेगळें बसविणें नियमाविरुद्ध आहे, तें दिसल्यास लेखी तक्रार करा. आठवी संपली कीं कायद्याचें छत्रही संपतें. नववीची फी कोठून आणायची, याचा विचार आधींच घरांत झाला पाहिजे. आणि तेथें सगळें सोनेंच पिकतें असेंही नाहीं. अर्थ न कळतां इंग्रजी घोकणारीं पोरें आम्हीं पाहिलीं आहेत.

'मास्तर, मग तुमच्या शाळेचा पट कमी होईल,' असें कोणी म्हणेल. थोडा होईल. पण ज्यांची ऐपत आहे ते आजच गेले आहेत, नि ज्यांची नाहीं ते कर्ज काढून जात आहेत. गरिबाला अडवून पट राखणें आम्हांस नको. दुसऱ्या बाजूनें सावध राहा. २०२३ च्या सप्टेंबरांत वीसाहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागविले गेले होते. पांचवीपर्यंतची शाळा पोरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असा शिक्षणहक्काचाच नियम आहे. तसा प्रस्ताव येथें आला तर ग्रामसभेंत विरोध नोंदवा. कागद वाचल्याशिवाय सही करूं नका.

अर्ज ऑनलाइन भरावयाचा असतो व जागा सोडतीनें मिळते. एका अर्जांत दहा शाळांपर्यंत नांवें देतां येतात. कुंभार, लोहार, सुतार, परीट, माळी, धनगर, वडार, तसेच अनुसूचित जाती-जमातींचे बंधू यांना उत्पन्नाची अट नाहीं, जातीचा दाखला पुरतो. खुल्या वर्गांतील घरांना एक लाखाच्या आंतील उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. तो आतांच काढून ठेवा, ऐन वेळीं कचेरींत रांग लागते. जन्माचा व राहण्याचा पुरावाही हवा. ज्यांना मोबाईलवर जमत नाहीं त्यांनीं रविवारीं सकाळीं आठ ते बारा शाळेंत यावें. आम्ही दोघे मास्तर बसलेले असूं.