कारखाना-निरीक्षकाचा अधिकार

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना-कायदा झाला, तेव्हा तो १०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरताच मर्यादित होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मात्र निरीक्षकाच्या हाती खरे सामर्थ्य दिले. कारखान्यात प्रवेश करावा, यंत्रे तपासावी, दप्तर मागवावे, अपघात घडल्यास चौकशी करून जबान्या नोंदवाव्या, असा विस्तृत अखत्यार त्याला लाभला.

त्या कायद्यातील यंत्रांविषयीची कलमे मला विशेष मोलाची वाटतात. फिरत्या यंत्राला तेल घालण्याचे वा पट्टा चढविण्याचे काम खास शिकविलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, तेही मालकाने पुरविलेले अंगासरसे कपडे घालून करावे, आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, असा दंडक त्यांत होता. कारण सदऱ्याची लोंबती बाही किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात सापडला, की हात मागे घेण्याइतकाही अवधी उरत नाही. म्हणूनच दक्ष निरीक्षक केवळ नोंदवही चाळून परत फिरत नसे, तर यंत्रापाशी उभा असलेला माणूस तोच आहे की नाही, हे जातीने पाही.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या भीषण वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याचे, किंबहुना ही तपासणी तक्रारीवरून होत आहे हेही मालकास न कळविण्याचे बंधन निरीक्षकावर आले. ही तरतूद अत्यंत न्याय्य होती, कारण धोक्याची वर्दी देऊ पाहणाऱ्या हंगामी कामगारास पहिली भीती वाटते ती रोजी जाण्याची.