जिचा हात, तिच्या बांगड्या

(पाटस येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय साजशृंगार. तो जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतली दोन-तीन मुलं हसली. सॉफ्टवेअरमधला माणूस बांगड्या-टिकल्यांवर काय बोलणार, असं वाटलं असेल. पण समाजात कोणाला किती मोकळीक आहे हे कळायला बायकांचे हात आणि गळे बघावेत. तिथं सगळं लिहिलेलं असतं.

अरबीत शृंगाराला 'जीनत' म्हणतात. आपल्या कितीतरी घरांत मुलीचं हे नाव असतं. कुरआनात सूरह आराफच्या ३१ आणि ३२ व्या आयतीत हाच शब्द आहे. त्यांचा आशय असा: इबादतीच्या वेळी नीट नटून या, उधळपट्टी करू नका, आणि अल्लाहने माणसांना दिलेली शोभा हराम कोणी ठरवली? पुरुषांना सोनं आणि रेशीम वर्ज्य सांगितलं, पण चांदीची अंगठी, सुरमा, अत्तर आहेच. म्हणजे साधं राहा म्हणजे ओकंबोकं राहा, असा अर्थ होत नाही.

आपल्या पाटसवरून आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी रोटी घाटाकडे जाते. तुळशीच्या माळेवरून वारकरी ओळखू येतो, अत्तराच्या वासावरून ईदचा दिवस. शृंगार न बोलता सांगतो, मी कोण आणि आज कसला दिवस.

आणि तो धर्माच्या भिंतीही फार मानत नाही. गावोगाव बांगड्या भरायला कासार असतात तसे मणेरही असतात, आणि मणेर म्हणजे मुसलमान. फिरोजाबादची काच आणून त्यांनी कितीतरी हिंदू नवऱ्यामुलींचा हिरवा चुडा भरलाय. बांगडी 'फुटली' असं म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात, ही रीत त्यांनीही पाळली. आणि आपल्या आयाबायांच्या गळ्यात काळी पोत, लच्छा असतोच.

पण याच बांगड्यांची एक दुसरी बाजू आहे. माझी एक खाला ऐन तिशीत विधवा झाली. शिवणकाम करून तिनं दोन मुलं शिकवली. मुलाच्या लग्नात मणेर घरी आला. सगळ्यांचे हात भरले. खाला चहाचे कप उचलत राहिली. तिला कोणी 'नको' म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. कोणी निवडलेली नसते, म्हणून कोणी बदलतही नाही.

धर्माचं म्हणाल, तर विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. सूरह बकराच्या २३४ व्या आयतीत ती मुदत आहे. त्या काळात शृंगार टाळायचा. मुदत संपली की तिनं रीतीला धरून स्वतःबद्दल जे ठरवावं त्याचा दोष कोणावर नाही, असंही तिथंच सांगितलंय. मग खालाची वीस वर्षं कोणत्या आयतीत बसतात?

हा प्रश्न फक्त आपला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावानं हात वर केला, तो मुंबईपर्यंत दिसला. आपल्या मोहल्ल्याला, जमातीला असा ठराव करायला कोणाची मनाई आहे?

आता तुमच्या मनातला प्रश्न. चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब, टोपी, बॅजवर बंदी घातली. मुली कोर्टात गेल्या. २६ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरख्याची मुभा मात्र दिली नाही. मग टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं. आपल्याला ते ऐकून बरं वाटलं. वाटायलाच हवं.

पण तोच प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आतही विचारावा लागेल. जी मुलगी स्वतःहून हिजाब घेते तिच्या बाजूनं उभं राहायचं, तर जी घेत नाही तिच्याही बाजूनं उभं राहावं लागेल. काळी पोत 'त्यांची' म्हणून काढायला लावणाऱ्याला थांबवावं लागेल, आणि विधवेच्या रिकाम्या हाताकडे बघून गप्प बसता येणार नाही. कॉलेजला लावतो तो नियम घराला लावला नाही, तर आपल्या मागणीत जोर राहत नाही.

मुलांनो, हे बायकांचं काम म्हणून सोडू नका. 'बांगड्या भरल्यात का?' असं एकमेकांना हिणवणं आधी बंद करा. बांगडी भरलेल्या हातांनीच आपल्याला भाकरी करून घातलीय.

आणि घरात पुढचं लग्न निघेल तेव्हा मणेराशेजारी जाऊन बसा. जी विधवा खाला, फुफी, चाची मागं उभी असेल, तिला सगळ्यांदेखत विचारा: तुम्हाला कोणता रंग? ती 'नको' म्हणाली तर नको. तो तिचा निर्णय. पण विचारा.